मामाचा पिकअप, एअर फिल्टर आणि ‘तुलना नक्की कुणाशी?’

मागच्या आंब्याच्या सीझनमध्ये मामाचा फोन आला. त्याचा २.५ लिटरचा टर्बो डिझेल पिकअप आहे. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूरला, आणि उरलेला कोरडा काळ चिरेखाणीवरून जांभा दगड. म्हणाला, “गाडी साखरप्याच्या पुढे ओढत नाही गो. काळा धूर सोडते. गॅरेजवाला सांगतो, नवीन इनटेक किट घाल, तो त्रिकोणी फिल्टरवाला. कंपनीचा डबा काढून टाकायचा. तू इंजिनाचीच डॉक्टर होतेस ना, मग सांग. घालू की नको?”

प्रश्न साधा वाटतो. पण पीएचडीच्या पहिल्या वर्षी आपण जे प्रश्न घेऊन गाईडसमोर बसतो ना, अगदी त्याच जातीचा आहे. ‘अमुक पद्धत चांगली आहे का?’ यावर गाईड एकच उलटा प्रश्न विचारतात: कशापेक्षा?

गॅरेजवाल्याची तुलना अशी होती: आत्ता डब्यात बसलेला फिल्टर विरुद्ध नवीन किट. आत्ताचा फिल्टर कसा होता? दोन वर्षांचा, खाणीच्या लाल धुळीने विटेसारखा झालेला, आणि दर पंधरवड्याला कंप्रेसरची हवा मारून परत बसवलेला. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडतेय. त्याची कारणं बरीच असू शकतात, पण तुंबलेला फिल्टर हे पहिलं बघायचं. अशा फिल्टरच्या जागी काहीही नवीन बसवलंत तरी गाडी सुधारणारच. म्हणजे किटमुळे फरक पडला की ‘नवेपणा’मुळे, हे या तुलनेतून कधीच कळणार नाही. खरा पर्याय किट विरुद्ध जुना फिल्टर हा नव्हेच. किट विरुद्ध त्याच डब्यात बसवलेला नवा कागदी फिल्टर, हा आहे. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये कंट्रोल ग्रुप लिहिताना हे आठवा. दुबळा कंट्रोल घेतला की कुठलीही नवी पद्धत जिंकते.

आता पुढची पायरी, जी बरेच जण गाळतात. प्रयोग करायच्या आधी कागदावर विचारायचं: जास्तीत जास्त किती फायदा होऊ शकतो?

नव्या कागदी फिल्टरमधून हवा ओढताना इंजिनाला थोडा दाब गमवावा लागतो. समजा तो घाटात, पूर्ण लोडवर, १ किलोपास्कल आहे. बाहेरच्या हवेचा दाब साधारण १०० किलोपास्कल. म्हणजे फिल्टर अजिबात नसल्यासारखा ‘आदर्श’ फिल्टर बसवला तरी हवा वाढेल ती १ टक्क्याच्या आसपास. आणि हे डिझेल आहे. पेट्रोल इंजिनात हवेवर थ्रॉटलचं झाकण असतं आणि हवेच्या मापात पेट्रोल दिलं जातं. डिझेलमध्ये ताकद ठरते ती किती डिझेल आत सोडलं त्यावर, आणि हवा एरवी गरजेपेक्षा जास्तच असते. जास्तीची १ टक्का हवा मिळून डिझेल तेवढंच राहिलं, तर चाकाला काय कळणार? मामाने मोबाईलवर बघितलेले व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतल्या मोठ्या पेट्रोल पिकअपचे होते. तिथला निष्कर्ष इथे उचलून आणता येत नाही.

ॲव्हरेजचंही तसंच. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये मुद्दाम फिल्टर तुंबवून गाड्या तपासल्या होत्या. संगणकाने इंधन नियंत्रित होणाऱ्या पेट्रोल गाड्यांत ॲव्हरेजवर म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही, वेग घ्यायला मात्र गाडी जास्त वेळ घेऊ लागली. जुन्या कार्बुरेटरच्या गाडीत ॲव्हरेज पडलं. ‘फिल्टर बदला, इंधन वाचवा’ हा सल्ला जुन्या गाड्यांच्या काळातला. गाड्या बदलल्या, सल्ला तसाच फिरत राहिला. तुमच्या विषयातही असे सल्ले असतील, शोधून बघा.

बरं, १ टक्क्याशी तुलना करायला आणखी दोन आकडे घ्या. घाट चढताना दर १०० मीटरला हवेचा दाब साधारण १ टक्क्याने कमी होतो. ५००-६०० मीटर चढलात की पाचेक टक्के तिथेच गेले. दुसरं, कंपनीचा डबा बॉनेटच्या बाहेरची हवा पाइपने ओढतो. उघडा त्रिकोणी फिल्टर मात्र इंजिनाशेजारची गरम हवा ओढतो. ३५ अंशांऐवजी ६० अंशांची हवा आत गेली तर तिची घनता साडेसात टक्क्यांनी घटते. (३०८ भागिले ३३३ करा, केल्व्हिनमध्ये. इंटरकूलर असेल तर यातलं बरंचसं भरून निघतं, सगळं नाही.) एक टक्का मिळवायला निघालो आणि साडेसात घालवून बसलो, असं होऊ शकतं.

इथपर्यंत ताकदीची गोष्ट झाली. पण फिल्टरचं मूळ काम ताकद वाढवणं नाहीच, धूळ अडवणं आहे. आणि मला वाटतं सगळ्यात मोठी फसगत इथल्या टक्केवारीत आहे.

चांगल्या कागदी फिल्टरची कार्यक्षमता ९९ टक्क्यांच्या वर असते, ९९.५ धरू. तेल लावलेल्या कापडी फिल्टरसाठी साधारण ९६ ते ९९ असे आकडे सांगितले जातात, आपण ९७ धरू. बघताना वाटतं, अडीच टक्क्यांचा तर फरक! पण इंजिनाला अडलेल्या धुळीशी देणंघेणं नसतं, सुटलेल्या धुळीशी असतं. एक ०.५ टक्के सोडतो, दुसरा ३ टक्के. म्हणजे सहापट.

ग्रॅममध्ये मांडून बघू. गृहीतकं माझी आहेत, तुम्ही बदलून परत गणित करा. खाणीच्या परिसरात इंजिन सरासरी तासाला १०० घनमीटर हवा ओढतं, हवेत दर घनमीटरला २० मिलिग्रॅम धूळ, आणि वर्षाचे असे ३०० तास. एकूण धूळ ६०० ग्रॅम. कागदातून आत गेली ३ ग्रॅम, कापडातून १८ ग्रॅम. त्यातले काही मायक्रॉन ते वीसेक मायक्रॉनचे कण सगळ्यात वाईट, कारण रिंग आणि लायनरमधल्या तेलाच्या थराएवढीच त्यांची जाडी. रिंगा गेल्या की इंजिनकाम निघालं, आणि ते काम मामाच्या एका सीझनची कमाई खाऊन टाकतं. खरी पैज इथे आहे, घाटातल्या १ टक्क्यावर नाही.

शिवाय हे टक्के कुठून येतात तेही विचारा. आयएसओ ५०११ ही एअर फिल्टरची प्रमाणित चाचणी. त्यात ठरावीक आकारांची, मुख्यतः सिलिकाची धूळ वापरतात. जांभ्याची धूळ निराळी: लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं, केओलिनाइट, थोडं क्वार्ट्झ. चाचणी दोन फिल्टरांची आपसात तुलना करायला उत्तम आहे, पण खाणीवर नेमका तोच आकडा मिळेल असं तिने कधी म्हटलेलं नाही.

माझ्या डोक्यात आधी भलताच हुशार प्रयोग होता. इंजिन ऑइलचा नमुना लॅबमध्ये द्यायचा, सिलिकॉन आणि लोह मोजायचं. सिलिकॉन म्हणजे बाहेरची धूळ, लोह म्हणजे लायनरची झीज, ही रूढ वाचण्याची पद्धत. प्रस्ताव लिहायला घेतला आणि लक्षात आलं की जांभ्याच्या धुळीतच लोह भरपूर! तेलातलं लोह लायनरचं की खाणीचं, कसं सांगणार? ॲल्युमिनियमचीही तीच रड, पिस्टनही ॲल्युमिनियमचा. क्वार्ट्झच्या वाळूत छान चालणारी खूण रत्नागिरीच्या लाल मातीत आंधळी होते. अप्रत्यक्ष मोजमाप घेताना, ते ज्या ठिकाणी तयार झालं तिथली माती तुमच्याकडे आहे का हे तपासा. मी हे पैसे भरायच्या आधी तपासलं, हे नशीबच.

मग काय केलं? दोन मीटर पारदर्शक नळी, फळीवर यू आकारात बसवलेली, आत कुंकू घातलेलं पाणी. झाला मॅनोमीटर. पाण्याच्या पातळीत १० सेंटीमीटर फरक म्हणजे जवळपास १ किलोपास्कल. नळीचं एक टोक फिल्टरच्या आधी, दुसरं फिल्टरच्या नंतर पण टर्बोच्या आधी. दोन्ही टोकं अशी लावली की फक्त फिल्टरचा दाब कळतो, पाइपाचा आणि वळणांचा वेगळा राहतो. तेवढाच भाग किट सुधारू शकतं, म्हणून तेवढाच मोजायचा. भार तोच, चढ तोच, गिअर तोच, सकाळची वेळ तीच, आणि प्रत्येक फिल्टरला तीन फेऱ्या. एका फेरीवर विश्वास ठेवायचा नाही, कारण पुढे एसटी आली की सगळं वाचन बिघडतं. (मामा चालवत होता, मी नळी धरून शेजारी. चालवणाऱ्याने नळीकडे बघायचं नाही, हा नियम.)

जुना फिल्टर असताना पाणी अर्ध्या फळीच्या वर चढलं. मोठ्या डिझेल इंजिनांना फिल्टर बदला म्हणून सांगायची हद्द साधारण ६ किलोपास्कल, म्हणजे पाण्याचे साठेक सेंटीमीटर. आम्ही तिच्याकडे चाललो होतो. नवा कागदी फिल्टर घातल्यावर फरक निम्म्याहून खाली आला. धूर गेला. किटसाठी सुधारायला जी जागा उरली ती बोटाने दाखवता आली: “हे एवढंसं पाणी, मामा. याच्यासाठी तुला तो त्रिकोण हवाय?”

फिल्टर काढला तेव्हा आणखी एक सापडलं. डब्याच्या झाकणाखालचं रबर एका बाजूने दबलेलं होतं आणि नळीच्या आतल्या बाजूला लाल धुळीची बारीक रेघ. म्हणजे थोडी हवा फिल्टरला वळसा घालूनच आत जात होती. अशा वेळी कागद ९९.५ चा असो की ९९.९ चा, काय फरक पडतो? हे माझ्या कुठल्याच गणितात नव्हतं.

मामाने किट घेतलं नाही. रबर बदललं, कागदी फिल्टर घातला, आणि दर पंधरवड्याला हवा मारणं बंद केलं. कागदावर बसलेला धुळीचा पातळ थर स्वतःच बारीक कण अडवतो, त्यामुळे थोडा वापरलेला फिल्टर कोऱ्यापेक्षा जास्त गाळतो. जोरात हवा मारली की तो थर जातो आणि कागदाला चिरा पडायची भीती वेगळी. आता नळीच्या फळीवर त्याने खडूने एक खूण केली आहे. पाणी तिथे पोचलं की नवा फिल्टर. गॅरेजवाल्याने ती फळी परवा उसनी नेली, अजून परत आणलेली नाही.