लोणारचा खार, लंडनचा साबण आणि मक्त्याचा प्रश्न

‘मक्तेदारी’ हा शब्द आपण सर्रास वापरतो. त्यातला ‘मक्ता’ आपल्या ओळखीचाच आहे. आठवडी बाजाराच्या वसुलीचा मक्ता कुणीतरी घेतो, ठरलेली रक्कम भरतो आणि मग वसुली त्याची. आज विचारायचं ते एवढंच, की राज्यानं कर घेणं आणि राज्यानं मक्ता विकणं यांत फरक काय?

सुरुवात आपल्या जिल्ह्यातून करू. लोणार सरोवराचं पाणी खारं. उन्हाळ्यात ते ओसरलं की काठावर खार साचतो. त्यात सोडा असतो. त्या सोड्यात भिजवलेला चुना मिसळला की कॉस्टिक सोडा तयार होतो आणि तो तेलात किंवा चरबीत शिजवला की साबण. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलनं ‘आईन-ए-अकबरी’त लिहून ठेवलंय, की लोणारला काच आणि साबण करायचं साहित्य मिळतं. तिथल्या सोऱ्यावरच्या जकातीतून सरकारला चांगलं उत्पन्न होतं, हेही तो सांगतो. आता ही झाली जकात. माल काढणारा माल काढतो, त्यातला वाटा राजा घेतो.

याच्या पुढची पायरी इंग्लंडमध्ये दिसते. तिथं १६२४ साली संसदेनं मक्तेदारीविरुद्ध कायदा केला. पण त्यात दोन वाटा मोकळ्या राहिल्या : नवा शोध लावणारा आणि सनदशीर मंडळ. राजा पहिला चार्ल्स संसदेविना कारभार करत होता, त्याला पैसा हवा होता. १६३२ मध्ये त्यानं वेस्टमिन्स्टरच्या साबणवाल्यांच्या मंडळाला सनद दिली. मंडळानं दर टनामागे ४ पौंड राजाला द्यायचे. कारण सांगितलं गेलं, की यांची पद्धत नवी आहे, कच्चा माल देशी आहे.

खरी गोम पुढे आहे. इतरांचा साबण तपासायचा अधिकारही याच मंडळाला मिळाला. म्हणजे ज्याचं दुकान समोर, तोच तुमच्या मालाचा न्यायाधीश! लंडनचे जुने साबणवाले ऐकेनात, तेव्हा त्यांना स्टार चेंबरच्या न्यायालयात खेचलं, दंड आणि कैद झाली. नवा साबण चांगला हे पटवायला लॉर्ड मेयरसमोर धोबिणींकडून कपडे धुऊन दाखवले गेले. लोकांना काही ते पटलं नाही. मंडळात काही कॅथलिक होते, म्हणून लोक त्याला ‘पोपचा साबण’ म्हणू लागले.

शेवट पाहा. १६३७ मध्ये लंडनच्या साबणवाल्यांनीच पैसे मोजून तो हक्क विकत घेतला आणि राजाला दुप्पट, टनामागे ८ पौंड द्यायचं कबूल केलं. कालचे पीडित आज मक्तेदार झाले. माणसं बदलली, अन्यायाची रचना तशीच राहिली. आणि ते वाढीव पौंड अखेर कपडे धुणाऱ्या बाईच्याच पदराला बांधले गेले.

तर फरक असा : कर तुमच्या कमाईतला वाटा घेतो, मक्ता कमावण्याचा हक्कच काढून दुसऱ्याला देतो. म्हणून ‘गुणवत्तेसाठी’ कुणाला एकाधिकार दिला जातो, तेव्हा दर किती हे विचाराच. पण त्याआधी विचारा, तपासणार कोण?