हाली आणि कलदार

बुलढाणा जिल्ह्यांतून प्रवासास निघणाऱ्या माणसाला “पैसे किती घेतले?” या प्रश्नामागोमाग “कोणते घेतले?” असा दुसरा प्रश्नही एके काळीं ऐकावा लागे. आज परदेशीं जाणारा मुलगा डॉलर-पौंडांच्या भावाची चौकशी करतो. देऊळगाव राजाहून जालन्यास जाणाऱ्याला ती बैलगाडींत बसण्यापूर्वींच करावी लागत असे. जिल्ह्याची दक्षिण सीमा ओलांडली कीं निजामाचा मुलूख लागे, आणि तेथला रुपया निराळा होता.

इंग्रजी रुपया तो कलदार, म्हणजे कळेवर, यंत्रावर, पाडलेला. निजामाचा तो हाली, म्हणजे चालू. आपला ‘हल्लीं’ हा शब्दही त्याच घराण्यांतला. विसाव्या शतकाच्या आरंभीं चारमिनारचें चित्र असलेला हालीही यंत्रांतूनच निघूं लागला, तरी नांवें जुनींच राहिलीं. मौज अशी कीं, १८५३ च्या तहानें वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, तरी कागदोपत्रीं स्वामित्व १९४७ पर्यंत निजामाचेंच होतें. पण ज्याचें स्वामित्व त्याचा रुपया मात्र वऱ्हाडच्या खजिन्यांत चालत नसे!

दोहोंचें प्रमाण सामान्यतः सात हालीस सहा कलदार असें धरीत. शंभर कलदारांचे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली होत. धातूचा हिशेबही त्याच्या जवळपास येतो. जुना कलदार एक तोळा वजनाचा असून त्यांत बारा भागांपैकीं अकरा भाग चांदी असे. हाली वजनास किंचित् कमी आणि त्यांत शेंकडा ८२ च्या आसपास चांदी. मोठी रक्कम सराफ कोष्टक पाहून मोडून देई. खरी फसगत होई ती सुट्या पैशांत. दोन्हीकडे सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैंचा आणा. नांवें तींच, किंमत निराळी. कलदार आण्याचे १४ पै हाली व्हावयाचे, पण भाजी घेतांना किंवा टांगेवाल्यास देतांना आण्यास आणा धरला कीं दर आण्यामागें दोन पै गेलेच. एका आण्याला ही तूट दिसत नाहीं. चार माणसांच्या महिनाभराच्या यात्रेंत ती चांगलीच दिसे.

आणि यात्रा तर टळत नसे. वेरूळ, पैठण, औंढ्या नागनाथ हीं सारीं क्षेत्रें निजामाच्या हद्दींत. उलट देऊळगावच्या बालाजीस व शेगांवीं गजानन महाराजांच्या समाधीस मराठवाड्यांतील मंडळी येत, तीं हाली रुपये कनवटीस लावून. वाटेंत करोडगिरीचे नाके असत. तेथें मालावरील जकातीचा हिशेब वेगळाच. दोन्हीं बाजूंचे थोडे थोडे नाणें घरीं निराळ्या पिशवींत ठेवणारी गृहिणी शहाणी, असें आमचें मत आहे.

सोयरिकी सीमेची पर्वा करीत नव्हत्या. वधूपक्ष वऱ्हाडांतला व वरपक्ष जालन्याकडला असला, तर याद्या करतांना रकमेपुढें ‘कलदार’ कीं ‘हाली’ हा एक शब्द लिहिणें अत्यंत अवश्य असे. सातशें रुपये एवढेंच लिहिलें तर एका पक्षाच्या मनांत सातशें असावे आणि दुसऱ्याच्या मनांत सहाशें! मंगलकार्यांत रुसवेफुगवे होण्यास शंभर रुपयांचें अंतर पुष्कळ झालें. (हुंडा मुळांतच नसता तर हा घोळ झाला नसता, हें निराळेंच.) हैदराबादेंत नोकरी धरणाऱ्यालाही तोच विचार पडे: पगार ऐकावयास मोठा, पण वऱ्हाडांतल्या घरीं मनिऑर्डर करतांना त्याचा सातवा भाग वजा.

१९४८ त हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें. १९५० त भारतीय रुपया तेथेंही चालू झाला, तोही त्याच सातास सहा या प्रमाणानें. १९५७ च्या १ एप्रिलपासून दशमान नाणीं आलीं आणि आणे-पै मागें पडले.

कित्येक घरांत लक्ष्मीपूजनाच्या डबींत हे रुपये अजून एकत्र आढळतात. सोनाराकडे नेण्यापूर्वीं त्यांवरील वर्ष वाचावें. हालीवर तें हिजरी सनाचें असतें. कलदारापैकीं १९४० पासूनच्या रुपयांत चांदी निम्मीच आहे, आणि १९४७ चा रुपया निकेलचा आहे.