जावा, ल्युसीन आणि मराठीचं सामान्यरूप

समजा, तुम्ही एका वाचनालयाची सूची जावामध्ये शोधण्याजोगी केलीत. वाचक ‘पाऊस’ टाइप करतो. सूचीत ‘पावसात’ आहे, ‘पावसाने’ आहे, पण उत्तर येतं, काही सापडलं नाही. पुस्तक कपाटात आहे आणि वाचक रिकाम्या हाताने परत.

जावामध्ये या कामाला बहुतेक जण ल्युसीन घेतात. डग कटिंग यांनी ही लायब्ररी १९९७ मध्ये लिहायला घेतली. तिच्यात हिंदीसाठी प्रत्यय छाटणारा स्टेमर तयार आहे. रामनाथन आणि राव यांनी २००३ मध्ये मांडलेल्या पद्धतीवर तो बेतलाय. मग तोच मराठीला का लावू नये? कारण हिंदीत ‘घर में’ हे दोन शब्द, आपल्याकडे ‘घरात’ हा एक. शिवाय प्रत्यय लागण्याआधी आपला शब्दच बदलतो. पाऊसचं पावसा, विहीरचं विहिरी. नुसती शेपटी छाटून ‘पावसा’ उरतं, ‘पाऊस’ नाही. आणि आंधळेपणाने ‘ला’ छाटलात तर बंगल्याचा ‘बंग’ होतो, ‘त’ छाटलात तर भारताचा ‘भार’!

म्हणून शब्दकोश हवा. ल्युसीनमध्ये हन्स्पेलचे कोश वाचणारा फिल्टर आहे. कोशाच्या दोन फायली असतात: एकीत मूळ शब्द, दुसरीत नियम. ‘ऊस’ काढा, ‘वसात’ लावा, असा नियम दिला की ‘पावसात’वरून ‘पाऊस’ मिळतो. उत्तर मात्र दर वेळी एकच नसतं. ‘मुलाने’ हे ‘मूल’चं रूप की ‘मुलगा’चं? दोन्हीचं. अशा वेळी दोन्ही मुळं ठेवायची. यंत्राला निवड करायला लावू नका, ते चुकणारच.

आता ज्याकडे कुणी बघत नाही ती गोष्ट. ‘दऱ्या’ हा शब्द संगणकावर दोन प्रकारे लिहिला जातो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर फरक दिसत नाही, जावाला मात्र त्या दोन वेगळ्या स्ट्रिंग. जावाचा नॉर्मलायझरही त्यांना एक करत नाही. ल्युसीनचा हिंदी नॉर्मलायझर करतो, पण कसा? ‘ऱ’चा ‘र’ करतो, जोडचिन्ह उडवतो, हलन्तही उडवतो. झालं, डोंगरातल्या ‘दऱ्या’ आणि समुद्र म्हणजे ‘दर्या’ एकाच खान्यात! (दीर्घ ऊ ऱ्हस्व करण्याची त्याची खोड मात्र ‘मूल’-‘मुलां’साठी सोयीची आहे, हे कबूल.) माझ्या मते सरळ उपाय असा: शब्द तोडण्याआधीच ‘र’, हलन्त, जोडचिन्ह या तिघांच्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त घाला. जावात एक ओळ पुरते. हे कोशाआधी झालं पाहिजे, नाहीतर कोशातला ‘ऱ’ आणि मजकुरातला ‘र’ भेटणारच नाहीत.

हीच साखळी सूची बनवताना आणि वाचकाचा शब्द शोधताना, दोन्हीकडे लावायची. नियम बदललात की सूची पुन्हा बांधावी लागते, जुनी चालत नाही.