अवजार मिळेल, पण आधी पैसे टाका!

गावच्या लोहाराचे खुरपे सुगीच्या धान्यावर मिळायचे. त्या बलुतेदारीचे गोडवे गाण्याचे आपल्याला काहीच कारण नाही. तिने लोहाराला भात्याला आणि आपल्याला गावकुसाबाहेर बांधून ठेवले. आज जिंतूर, गंगाखेड, पूर्णा येथील दुकानांत कारखान्याचा माल मिळतो. तेथे जात विचारत नाहीत, रोकड विचारतात. पण रोकड कोणाकडे आहे?

जिल्हा परिषदांनी स्वतःच्या उत्पन्नातील 20 टक्के निधी मागासवर्गीयांवर खर्चायचा असतो. त्यातून पूर्वी शिलाई यंत्रे, फवारणी पंप खरेदी करून वाटले जात. निविदा ठेकेदाराची, माल हलका, ही तक्रार जुनीच. 5 डिसेंबर 2016 च्या शासन निर्णयाने वस्तूऐवजी पैसा थेट लाभार्थ्याच्या खात्यात देण्याचे धोरण आले. ठेकेदार बाजूला झाला, वस्तू निवडण्याचा हक्क मिळाला. हे स्वागतार्हच!

परंतु मेख पुढेच आहे. आधी स्वतः खरेदी करा, पावती जोडा, मग अनुदान. ऊसतोडीची उचल फेडणारा भूमिहीन मजूर हजारो रुपये आणणार कोठून? तो सावकाराकडे जातो, नाहीतर लाभच सोडून देतो. ज्याच्या गाठीला पैसा, त्यालाच योजना, हा कसला सामाजिक न्याय?

उपाय अवघड नाही. मंजुरीपत्रावरच दुकानदाराने वस्तू द्यावी आणि शासनाने त्याचे पैसे ठरल्या मुदतीत चुकते करावेत. कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यात मंजूर किती, प्रत्यक्षात खरेदी किती, हे माहितीच्या अधिकारात मागावे. या दोन आकड्यांमधल्या फरकातच आपली माणसे हरवली आहेत.