गोचिडाचा दंश

एखादा माणूस पिच्छा सोडत नसला, की ‘गोचिडासारखा चिकटला आहे’ असे आपण म्हणतो. गुरांच्या गोठ्याशी जन्माचे नाते असलेल्या समाजाने हा वाक्प्रचार डोळसपणे घडवला आहे. गोचीड खरोखरच असा चिकटतो, की त्याला ओढताना कातडीही वर उचलली जाते.

पुष्कळजण त्याला कीटक समजतात. वास्तविक कोळी आणि विंचू हे त्याचे आप्त होत. त्याला पंख नाहीत आणि उडीही मारता येत नाही. गवताच्या पात्यावर किंवा पाचोळ्यात पुढचे पाय पसरून तो वाट पाहत बसतो व जवळून जाणाऱ्या प्राण्याला धरतो. मग काख, जांघ, गुडघ्याची मागची बाजू, कानामागची जागा असा मऊ भाग शोधून तेथे तोंड रुतवतो. त्याच्या लाळेतील द्रव्यांमुळे ती जागा बधिर होते. म्हणून दंशाची वेदना सहसा जाणवत नाही. त्याचे पिल्लू तर खसखशीच्या दाण्याएवढे असते. अंगावरचा तीळ समजून त्याकडे दुर्लक्ष होणे अगदी स्वाभाविक आहे.

गोचीड दिसला, की त्यावर रॉकेल ओतणे, चुना लावणे किंवा पेटती विडी टेकवणे हे उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. ते हेतूने चांगले असले, तरी परिणामाने घातक आहेत. डिवचलेला गोचीड जखमेत अधिक लाळ सोडू शकतो आणि रोगजंतू असतात ते त्या लाळेतच. योग्य रीत साधी आहे. बारीक टोकाच्या चिमट्याने त्याला कातडीच्या अगदी लगत धरावे आणि न पिळता, न झटकता, सरळ वर सावकाश ओढावे. तोंडाचा तुकडा आत राहिला व सहज निघाला नाही, तर तो उकरत बसू नये. तो आपोआप बाहेर पडतो. काढलेला गोचीड बोटांनी चिरडू नये. जखम व हात साबणाने धुवावेत. आणि दंशाची तारीख लिहून ठेवावी. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण पुढे डॉक्टरांना तिचाच आधार होतो.

अमेरिकेत गोचिडाच्या दंशाने जी चिंता उत्पन्न होते, ती लाइम रोगाची. कनेक्टिकट राज्यातील लाइम या गावाच्या परिसरात अनेक मुलांचे सांधे सुजत होते. पॉली मरे या गृहिणीने आपल्या कुटुंबाच्या व शेजाऱ्यांच्या आजारांची टिपणे ठेवली आणि १९७५ साली आरोग्य खात्याचे लक्ष त्याकडे वेधले. त्यातून संशोधन सुरू झाले. पुढे विली बर्गडॉर्फर यांना गोचिडाच्या पोटात या रोगाचा जिवाणू सापडला आणि १९८२ मध्ये तो शोध प्रसिद्ध झाला. हा जिवाणू माणसाच्या शरीरात शिरण्यास बहुधा २४ तासांहून अधिक काळ लागतो. म्हणून गोचीड लवकर काढला तर धोका फारच थोडा. दंशानंतर ३ ते ३० दिवसांत बहुतेक रुग्णांच्या अंगावर हळूहळू पसरत जाणारा तांबडा चट्टा उमटतो. त्या वेळी रक्ततपासणी निर्दोष आली, तरी तेवढ्यावर निर्धास्त होता येत नाही, कारण रक्तात प्रतिपिंडे तयार व्हायला काही आठवडे जातात. चट्टा ओळखून डॉक्टर प्रतिजैविके देतात आणि वेळेवर उपचार झाल्यास बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात.

भारतात लाइम रोग क्वचितच आढळतो. आपल्या सह्याद्रीच्या रानात भीती आहे ती माकडतापाची. कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर या जंगलाच्या परिसरात १९५७ साली माकडे मरून पडू लागली आणि पाठोपाठ माणसेही तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी त्यामागचा विषाणू शोधून काढला. पुढे २०१५ साली गोव्यातील सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात या तापाने माणसे दगावली. काजूच्या हंगामात बागांतून व रानांतून वावरणाऱ्यांना त्याचा विशेष धोका असतो, कारण गोचिडाची पिल्ले साधारण डिसेंबर ते मे या काळातच फार असतात.

लाइम रोगाचा दिलासा येथे लागू पडत नाही. माकडताप विषाणूजन्य आहे. त्यावर प्रतिजैविके चालत नाहीत आणि अमुक तासांच्या आत गोचीड काढला म्हणजे निभावले, असेही धरून चालता येत नाही. दंशानंतर साधारण ३ ते ८ दिवसांत थंडी वाजून तीव्र ताप, डोकेदुखी आणि विलक्षण अंगदुखी सुरू होते. काहींना रक्तस्राव होतो. शंभरांपैकी तीन ते पाच रुग्ण दगावतात. नेमके औषध नसले, तरी शरीरातील पाणी व रक्तदाब सांभाळणारे उपचार वेळीच मिळाले तर प्राण वाचतात. ॲस्पिरीनसारख्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. मेलेल्या माकडाजवळही जाऊ नये. प्राण सोडलेल्या देहावरून गोचीड उतरतात आणि नवा आश्रय शोधू लागतात. अशा वेळी लांबूनच आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवावे.

रानात जाताना अंगभर कपडे घालून पायघोळ मोज्यांत खोचणे, उघड्या अंगाला कीटकरोधक मलम लावणे आणि परतल्यावर गरम पाण्याने स्नान करून सर्वांग तपासणे, एवढी खबरदारी पुरते. हंगामापुरते मजुरीला आलेले लोक मात्र अनेकदा ताप येण्यापूर्वीच आपल्या गावी परततात. तेथील डॉक्टरांच्या मनात हिवताप किंवा डेंग्यू प्रथम येणार, हे उघडच आहे. आपण कोणत्या रानात काम करीत होतो आणि गोचीड कोणत्या तारखेला काढला, हे रुग्णाने स्वतः सांगितले तर योग्य तपासणी पहिल्याच दिवशी होऊ शकते. कारण या तापाचा विषाणू आजाराच्या सुरुवातीच्या दिवसांतच रक्तात सापडतो.