अजिंठ्याची भिंत, सोळा-सोळा पिक्सेलांनी

अजिंठा गाव सिल्लोड तालुक्यात येतं, पण लेणी सोयगाव तालुक्यात आहेत, फर्दापूरजवळ वाघूर नदीच्या नालाकृती दरीत. इथली चित्रं भिंतीवरून दुसऱ्या माध्यमात उतरवण्याची धडपड जुनी आहे. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून कॅनव्हासवर तैलरंगात प्रतिकृती केल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ मध्ये लागलेल्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन हे काम पुन्हा हाती घेतलं, आणि त्यांच्याही कितीतरी प्रतिकृती १८८५ मध्ये लंडनमध्येच लागलेल्या दुसऱ्या आगीत गेल्या.

आता तीच भिंत गेममध्ये किंवा आभासी सफरीत उभी करायची असेल, तर छायाचित्राचं टेक्स्चर करावं लागतं. खरी कसोटी इथे लागते, आणि बाहेरच्यांना ती दिसतही नाही.

पीएनजी फाइल डिस्कवर लहान असते, पण ग्राफिक्स कार्डच्या स्मृतीत जाताना ती पूर्ण उलगडते. लांबी-रुंदीला ४०९६ पिक्सेल असलेलं चित्र प्रत्येक पिक्सेलला चार बाइट या हिशेबाने ६४ एमबी जागा खातं. म्हणून ते डीडीएस फाइलमध्ये, कार्डला न उलगडता वाचता येईल अशा रूपात बदलतात. त्यातली जुनी पद्धत एस३ कंपनीची, १९९८ मध्ये डायरेक्टएक्समध्ये आलेली. आज तिला बीसी-१ म्हणतात. चित्राचे चार बाय चार पिक्सेलांचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनासाठी दोनच रंग साठवायचे, त्यांच्या दरम्यानचे आणखी दोन कार्ड स्वतः काढतं, आणि सोळा पिक्सेलांपैकी प्रत्येकाने या चारांतला एक निवडायचा. सगळा चौकोन ८ बाइटमध्ये बसतो. ६४ एमबीचे ८ एमबी होतात.

दगडी खांबाला हे चालतं. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीला चालत नाही. त्याच्या चेहऱ्यावर गेरूच्या छटा इतक्या हळुवार बदलतात की साठवलेले रंग कमी पडले की गालावर पट्टे उमटतात. जिथे लाजवर्दी निळा, गेरू आणि पांढरा एकाच चौकोनात येतात, तिथे तर हिशेबच जमत नाही, कारण चारही रंग एकाच सरळ रेषेवरचे असावे लागतात. अशा ठिकाणी याच कुळातली नंतरची पद्धत, बीसी-७, घ्यावी. ती १६ एमबी घेते, पण एका चौकोनात रंगांच्या दोन-तीन जोड्या ठेवू शकते. जागेची ही किंमत मी तरी आनंदाने मोजेन.

चित्राच्या सोबत पृष्ठभागाच्या उंचसखलपणाचा नकाशाही लागतो, त्याला नॉर्मल मॅप म्हणतात: छिन्नीच्या खुणा, गिलावा निखळल्याचे खड्डे. या नकाशात रंग नसून दिशा असतात. त्याला रंगीत चित्रासारखी रंगदुरुस्ती लावली, तर उजेड चुकीच्या बाजूने पडल्यासारखा दिसतो. डायरेक्टएक्स आणि ओपनजीएल हिरव्या वाहिनीची दिशा एकमेकांच्या उलट मानतात. ती न पलटवता नेली, तर पडलेला गिलावा उंचवटा होऊन बसतो. फाइल मात्र बिनतक्रार उघडते, म्हणून बदल केल्यावर डोळ्यांनी पाहणं सुटत नाही.

आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. डीडीएसमधून पुन्हा पीएनजी केली की फाइल मोठी होऊ शकते, पण गेलेल्या छटा परत येत नाहीत. दुरुस्त्या नेहमी मूळ छायाचित्राच्या टीआयएफएफ फाइलवर कराव्यात आणि तिथूनच नवी डीडीएस काढावी. मोबाइलसाठी तर एएसटीसीसारखी वेगळीच रूपं लागतात. केटीएक्स-२ फाइलमध्ये एक मधलं रूप ठेवून ते ज्याच्या त्याच्या यंत्रावर बदलून घेता येतं. तेही मूळ छायाचित्रापासून बनवायचं.