स्वावलंबनालाही आधार लागतो

आधीच्या पिढ्या स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या, आताच्यांना सगळे आयते लागते, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. चेन्नईचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. बालविधवा सुब्बलक्ष्मी 1911 मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजातून पदवीधर झाल्या, त्या वडिलांच्या भक्कम पाठिंब्यामुळे. पुढे त्यांनी तरुण विधवांसाठी वसतिगृह काढले. अमेरिकेहून येणारा बर्फ साठवायला मरीना किनाऱ्यावर बांधलेल्या ‘आइस हाउस’मध्ये ते काही वर्षे चालले. तिथे राहून शिकलेल्या मुली शिक्षिका झाल्या. पुण्यात महर्षी कर्व्यांनी 1896 मध्येच ही वाट धरली होती. विधवेने परावलंबी राहावे हीच तेव्हाची नीती होती; ती बदलायला संस्थेचे बळ लागले.

सुब्बलक्ष्मींचे वसतिगृह ब्राह्मण विधवांपुरते होते, हा आक्षेप रास्तच आहे. पण त्यातून आधार सर्वांपर्यंत पोहोचवण्याची गरजच सिद्ध होते. अशा व्यापक आधाराचे एक उदाहरण पाहा: 2021 पासून तमिळनाडूत साध्या सरकारी बसमधून स्त्रियांना मोफत प्रवास आहे. फुकटाने माणसे आळशी होतात, असे काहींना वाटते. पण धुण्याभांड्याच्या कामाला जाणारीचे बसभाडे वाचले, तर तिची स्वतःची कमाई तिच्या हाती उरते. अशा आधाराला लाचारी म्हणणे अन्यायाचे आहे.